डाळ शिजेल ते पाणी

आमच्या घराण्यात कुणी मोटार घेतली की दोन माणसांना बोलावणं जातं. नारळ फोडायला भटजी आणि सल्ला द्यायला मी. भटजींना दक्षिणा मिळते. मला चहा मिळतो आणि मग कुणीतरी बॉनेटकडे बोट दाखवून म्हणतं, "काका, जरा बघता का?" मी चष्मा सावरतो आणि बघतो. माझ्या मालकीचं आजवर एकच वाहन झालं, ते म्हणजे सायकल. तिची उतरलेली चेनही मला कधी एका दमात बसवता आली नाही, हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. तरी मी बोलायला लागलो की भाचे-पुतणे मुकाट ऐकून घेतात, कारण मी बोलतो ते माझं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंगोलीला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहिलो, त्या वकिलांचं असतं.

त्यांचे सल्ले मला अजून पाठ आहेत. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर तिला रेटू नये. तेल रात्रभर खाली बसलेलं असतं, त्याला वर चढू द्यावं. तेलाची पट्टी बघायची तर गाडी सपाट जागी हवी. पट्टी आधी पुसायची, परत बुडवायची, मग बघायची, आणि तेल चिमटीत चोळायचं. कणकण लागली तर ते तेल नव्हे, कानस आहे. क्लचवर पाय ठेवून बसणं आणि उंबऱ्यावर बसणं सारखंच, दोन्ही घराला बाधतात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण शक्यतो उघडूच नये. उघडलंच तर जाड फडकं घेऊन, तोंड बाजूला करून. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी भडाभड ओतू नये, लोखंड तडकतं. इंजिन चालू ठेवून घोट-घोट पाजावं.

'पाजावं' हा त्यांचाच शब्द. गाडीत पाणी ओततात असं ते कधी म्हणाले नाहीत.

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. खोली मागायला गेलो तेव्हा वकीलसाहेब ओसरीवर उघड्याबंब अंगाने बसून कापडातून पेट्रोल गाळत होते. जानवं कानाला अडकवलेलं. मी नाव, गाव, नोकरी सांगितली. त्यातलं त्यांनी काहीच ऐकलं नाही. माझा उजवा हात हातात घेऊन मनगट दाबून बघितलं आणि म्हणाले, "हँडल माराल का रोज सकाळी?"

मी हो म्हटलं. खोली मिळाली. पहिल्याच सकाळी हँडलने उलटा झटका दिला आणि माझा अंगठा लिंबाएवढा झाला. काकूंनी हळद लावून दिली. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "अंगठा हँडलच्या वरून काहून घेतला? चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. गाडीनं लाथ मारली तर हात सुटला पाहिजे." हे त्यांनी आदल्या दिवशी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "सांगून ध्यानात ऱ्हात न्हाई मास्तर. आता बराबर ऱ्हाईल."

राहिलं. 

गाडी काळी, चौकोनी, वर कापडी छत. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. पेट्रोल परवान्यावर, टायर तर बाजारात दिसतच नव्हते. त्यामुळे गाडी जितकी चालायची त्याच्या कितीतरी पट तिची निगा व्हायची. फेरी मारून आलं की टायरमधले बाभळीचे काटे चिमट्याने काढायचे, स्प्रिंगांच्या पट्ट्यांमधला चिखल खरवडायचा, मग इंजिन बंद करून बॉनेटवर तळहात ठेवून उभं राहायचं. ताप उतरला का बघतात तसं. रस्त्यात बैलगाडी कुरकुरताना ऐकली तर ते आपली मोटार थांबवून गाडीवानाला उतरवायचे आणि आखाला वंगण कसं घालावं ते सांगायचे. एकदा कोर्टात साक्षीदार म्हणाला, "गाडी करकरली म्हणून मला जाग आली." वकीलसाहेबांनी उलटतपासणीत त्याला वंगण कुठलं, किती दिवसांनी, तीळतेल का घालतोस, एरंडेल काहून न्हाई, एवढंच विचारलं. शेवटी मुन्सिफच म्हणाले, "वकीलसाहब, मुकदमा जमीन का है." अशील हरला. साक्षीदार मात्र पुढे घरी येऊन एरंडेल घेऊन गेला.

पण त्यांचा खरा ध्यास पाण्याचा. हिंगोलीच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड. न्हाणीतल्या बंबाला आतून पांढरा थर चढतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांना चढतो, नळ्या बुजतात आणि इंजिन तापतं. हे त्यांना कळलं होतं. मग पाणी पारखायचं कसं? तर काकूंनी एकदा कुणाला तरी सांगितलं होतं की आपल्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. तेवढ्यावरून त्यांनी कायदाच केला. ज्या पाण्यात डाळ शिजेल तेच पाणी इंजिनाला.

त्या दिवसापासून गाडीत एक छोटा स्टोव्ह, एक पितळी भांडं आणि फडक्यात बांधलेली डाळ आली. वाटेत विहीर दिसली की गाडी उभी. बांधावर स्टोव्ह पेटवायचा, भांड्यात पाणी, त्यात चिमूटभर डाळ, आणि वकीलसाहेब घड्याळ धरून उकिडवे. गाव गोळा व्हायचं. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे सरकारनं विहिरी जप्त करायला पाठवलंय. डाळ बोटाने चेपून ते निकाल द्यायचे, "पास," नाहीतर "नापास."

काकू म्हणायच्या, "माझ्या डाळीचं यांनी मोटारीशी लग्न लावलंय मास्तर. घरात वरण पातळ काहून झालं ते आता कळलं का?"

काकू बुटक्या, गोऱ्या, बोलण्यात तिखट. सोवळं कडक. मूलबाळ नव्हतं. मला त्या वाढताना न विचारता दुसऱ्यांदा वाढायच्या आणि मग म्हणायच्या, "मास्तर, तुमी लाजता किती आन् जेवता किती!"

तर कळमनुरी सोडून वारंग्याकडे जाताना एक गाव लागतं. तिथं पाटलाच्या मळ्यातली विहीर बांधीव, पाणी आरशासारखं. डाळ टणक राहिली. वकीलसाहेब म्हणाले, "नापास."

पाटील चिडले. "आमची हीर नापास काहून? आज्याच्या टायमाची हाय. आख्खं गाव पिऊन राहिलंय."

"माणसांनी खुशाल प्यावं. माझ्या गाडीला न्हाई चालणार."

गावाबाहेर महारवाड्याची विहीर होती. अरुंद, कठडा ढासळलेला. वकीलसाहेब तिथेही थांबले. डाळ बघता बघता मऊ झाली. त्यांनी ती दोन बोटांत चेपली आणि आनंदाने ओरडले, "अव्वल!" मागून आलेल्या पाटलाचं तोंड बघण्यासारखं झालं. पाटील एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, गावात बोलू नका हे."

तेव्हापासून नांदेडला जाता-येता गाडीचं पाणी त्या विहिरीचं. तिथली एक म्हातारी, सगळे तिला धोंडाई म्हणत, पोहरा ओढून आमच्या पत्र्याच्या डब्यात पाणी ओतायची. उंच, हाडापेराने मजबूत, आणि कुणाला न भिता बोलणारी. मोटार दिसली की म्हणायची, "आली का म्हस पाण्यावर?"

आता सोवळ्यातला ब्राह्मण आणि महारवाड्याचं पाणी, हे जमलं कसं? वकिलाला काय अवघड. ते म्हणायचे, "विटाळ माणसाला होतो. लोखंडाला होतो असं कुठल्या शास्त्रात लिवलंय ते दाखवा. पाणी गाडी पिते. मी पीत न्हाई. डबा गाडीचा आहे. माझा न्हाई." युक्तिवाद बिनतोड होता. काकूंनी तो फेटाळला. तो डबा त्यांनी कधी अंगणात येऊ दिला नाही. तो बाहेर लिंबाच्या फांदीला टांगलेला असायचा. आणि गाडीलाही त्या 'बाटलेली' म्हणत. क्वचित बसावं लागलंच तर घरी येऊन डोक्यावरून आंघोळ. मी एकदा म्हटलं, काकू, इंजिनातलं पाणी आणि मागची गादी यांचा काय संबंध? तर म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पोटातलं पाणी आन् तुमचा हात, यांचा काय संबंध?"

आणि शाळेत मी शास्त्र शिकवत होतो.

वकीलसाहेब पुढे फार जगले नाहीत. निजामी गेली, त्याच हिवाळ्यात ते गेले. गाडी शेडमध्येच होती म्हणे. तिचं काय झालं मला ठाऊक नाही. मी तोवर बदली होऊन गेलो होतो. भाचे विचारतात, एवढी निगा राखलेली गाडी त्यांच्या मागे कुणी घेतली? मी विषय बदलतो. कारण मग त्या उन्हाळ्याचं सांगावं लागतं.

वैशाख होता. काकूंना पहाटेपासून उलट्या आणि जुलाब लागले. उन्हं वर आली तशा त्या अंथरुणात दिसेनाशा झाल्या, एवढ्या बारीक. डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. दवाखान्यातले डॉक्टर आले. म्हणाले, "अंगातलं पाणी चाललंय. शिरेतून पाणी चढवावं लागेल, ती सोय नांदेडला. तोवर तोंडाने जेवढं जाईल तेवढं पाजत राहा." आगगाडी निघून गेली होती. राहिली मोटार.

शेजारपाजार जमला. वकीलसाहेबांनी तेलाची पट्टी काढली, पुसली, परत बुडवली. शेजारी कुजबुजले, "बायको तिकडं मरून राहिली आन् ह्यो बघा." मलाही तेच वाटत होतं. पण पट्टी काही केल्या त्यांच्या हातून भोकात जात नव्हती. मी हँडल मारलं. अंगठा बोटांच्या बाजूला होता.

मागच्या गादीवर काकूंना निजवलं. पायाशी पाण्याने भरलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या, त्याला चिकटून मी. वकीलसाहेब चालवत होते. दर थोड्या वेळाने मी घोट द्यायचो, घोट परत यायचा, मी पुन्हा द्यायचो. कळमनुरीत थांबून तांब्या भरून घेतला. पुढे रस्ता चढाचा, वारा पाठीमागून, म्हणजे इंजिनाला वारा असा नाहीच. तांब्या रिकामा झाला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. 

"थांबावं लागेल," वकीलसाहेब म्हणाले. मागे न बघताच म्हणाले. "असंच रेटलं तर मधेच बसेल, मग काय करायचं." 

गाडी थांबली ती महारवाड्याच्या विहिरीपाशी. धोंडाई आली, नेहमीसारखं म्हशीचं काहीतरी बोलणार तोच तिने आत बघितलं. भराभर पोहरा ओढला. वकीलसाहेबांनी फडकं गुंडाळून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली, इंजिन चालू ठेवलं, आणि घोट-घोट गाडीला पाजलं. आयुष्यभर सांगत आले तसं, एक थेंब न सांडता.

धोंडाई म्हणाली, "मालक, बाई लई सुकल्यात. त्यायला बी पाजा की."

वकीलसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग पुढे येऊन माझ्या हातातला तांब्या घेतला, स्वतः धरला, आणि धोंडाईने वरून पाणी ओतलं. तांब्या भरला. पाणी थंडगार होतं, तांब्यावर बाहेरून दव आलं. ते मागच्या दाराशी गेले, खाली वाकले आणि तांब्या काकूंच्या ओठांना लावला. 

काकूंनी डोळे उघडले. "कुठलं?"

या माणसाने पाण्याबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. कोर्टात काय बोलत असतील ते असो. पण पाण्याच्या बाबतीत पाटलाचीही भीड धरली नव्हती. काकू वाट बघत होत्या. कळमनुरीचं, असं म्हटलं असतं तर झालं असतं. पुढचं सगळं त्या एका शब्दावर होतं, हे वकीलसाहेबांना कळत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, मला दिसत होतं की कळतंय.

"इथलंच," ते म्हणाले.

"म्हंजे गाडीचं?"

"व्हय."

काकूंनी ओठ मिटले. त्या एवढ्या थकल्या होत्या की मानही वळवता येत नव्हती, तरी वळवली. "गाडीला पाजता ते मला पाजता व्हय?"

"अगं, घे. एक घोट घे. मी प्रायश्चित्त करतो, काय म्हणशील ते करतो. घे गं."

त्यांनी घेतलं नाही. तांब्यातलं पाणी त्यांच्या हनुवटीवरून गळ्यावर सांडलं, ते त्यांनी पदराने पुसलं. धोंडाई पाठ फिरवून उभी राहिली होती.

पुढच्या गावात ओळखीच्या कुळकर्ण्यांचं घर होतं. तिथलं पाणी आलं. काकूंच्या तोंडात घातलं, ते गालातून परत बाहेर आलं. गिळायचं राहून गेलं होतं. वारंगा मागे पडल्यावर मला पायाशी बसल्या बसल्या कळलं, आणि मी काही बोललो नाही. ते इंजिनाचा आवाज ऐकत चालवत होते. नांदेडला पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, मला माहीत आहे. मागंच कळलं."

दिवसकार्य झालं. नंतर ते कोर्टात जात, परत येत. कुणाला सल्ला देईनासे झाले. रस्त्याने गाडी करकरत गेली तरी बघत नसत. सकाळी मी हँडलपाशी जाऊन उभा राहायचो, ते ओसरीवरूनच हात हलवायचे, राहू द्या. मीच आपला शेडमध्ये जाऊन टायर दाबून बघायचो, मला त्यातलं काय कळणार?

मग एका सकाळी ते धोतर नेसून तयार बसले होते. म्हणाले, "मारा हँडल." कुठं जायचं ते बोलले नाहीत. कळमनुरी गेली. चढ लागला. गाडी अजिबात तापली नव्हती, तरी त्यांनी ती विहिरीपाशी घेतली.

धोंडाई आली. मोटार बघून म्हशीचं काही बोलली नाही. वकीलसाहेब उतरले, तिच्यापुढे गेले आणि म्हणाले, "बाई, मला पाणी दे. प्यायला."

"कोणाला?"

"मला."

धोंडाई दोन पावलं मागे सरकली. इकडेतिकडे बघितलं. पाटलाचा गडी लांब शेतात आऊत हाकत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई मालक. त्या दिशी तांब्यात घातलं ते पाटलापातूर गेलं. आमच्या पोराला चावडीवर उभं केलं. म्हनले, मोटारीला पाजा, आमचं काई न्हाई. बामनाला पाजून बाटवलं तर झोपड्या ऱ्हानार न्हाईत. तुमी जासाल निघून मोटारीत. आमी कुटं जावं?"

इतक्या वर्षांत मी वकीलसाहेबांना युक्तिवादाशिवाय उभं असलेलं पाहिलं नव्हतं. 

धोंडाईच पुन्हा म्हणाली, "तकलीफ घेऊ नका मनाला. बाईंचं आमाला बी लागलं. पर पानी मागू नका."

ते वळले. गाडीपाशी आले. मला वाटलं, बसणार आणि परत फिरवणार. त्यांनी डबा काढला, परत तिच्याकडे गेले आणि डबा खाली ठेवला.

"गाडीसाठी दे."

धोंडाईने त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. गाडीतून वाफेचा धागाही निघत नव्हता. तिने पोहरा सोडला.

"मास्तर," ते मला म्हणाले, "बॉनेट उघडा. रस्त्याच्या बाजूचं."

मी उघडलं. त्या गाडीचं बॉनेट पंखासारखं एका बाजूने वर उचललं जायचं. मी ते धरून उभा राहिलो. ते डबा घेऊन त्याच्या आडोशाला आले, इंजिनावर वाकले. रेडिएटरचं झाकण बंदच होतं. त्यांनी डबा इंजिनावर टेकवला, ओंजळ बुडवून पाणी घेतलं आणि प्यायले. परत घेतलं, परत प्यायले. सावकाश. डब्याला गंज होता, पाण्याला नक्कीच पेट्रोलचा वास असणार. पलीकडच्या शेतातला गडी आऊत थांबवून इकडे बघत होता, त्याला तिथून फक्त काळं बॉनेट आणि माझे हात दिसत असणार.

त्यानंतर परवान्याचं सगळं पेट्रोल त्याच रस्त्याला जाऊ लागलं. माझी बदली होईपर्यंत दर आठवड्याला मी बॉनेट धरलं. 

धोंडाई पाणी ओढताना त्यांच्याकडे बघायची नाही, गाडीच्या चाकांशी बोलल्यासारखी बोलायची. "लई तहान लागती आताशा तुमच्या गाडीला, वकीलसाहेब."

"व्हय," ते म्हणायचे. "जुनी झाली."

"पाजा मग," ती म्हणायची आणि डबा काठोकाठ भरायची.